बोलू न शकणारा साक्षीदार

बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारपासून मराठी रहस्यकथेचा नायक धावणारा, वेषांतर करणारा आणि प्रसंगी चार हात करणारा असल्यामुळे, हातापायांची हालचाल, दृष्टी आणि वाचा गमावलेली स्त्री खुनांच्या रहस्याच्या केंद्रस्थानी असू शकते, ही कल्पना त्या परंपरेत रमलेल्या वाचकाला सहजी पटत नाही. ब्रिजित ओबेर यांच्या ‘ला मोर दे ब्वा’ (रानातला मृत्यू) या १९९६च्या फ्रेंच कादंबरीची नायिका एलिझ मात्र तशीच आहे. उत्तर आयर्लंडमधील बॉम्बस्फोटानंतर तिला फक्त ऐकता येते आणि एक बोट हलवता येते. एक लहान मुलगी तिला गावातील मुलांच्या खुनांविषयी सांगू लागते आणि वाचकालाही एलिझच्या कानांवर पडेल तेवढेच कळत राहते. या कादंबरीला १९९७मध्ये फ्रान्समधील रहस्यकथांचा मानाचा पुरस्कार मिळाला.

या नायिकेचे पूर्वज फ्रेंच साहित्यातच आहेत. अलेक्झांदर द्यूमा यांच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’मध्ये (१८४४–४६) लकव्याने निश्चल झालेला वृद्ध न्वार्तिये डोळे मिटून होकार आणि उघडझाप करून नकार देतो, नात अक्षरे उच्चारत जाते, शब्दकोशावरून बोट फिरवते, आणि त्याच रीतीने तो नोटरीसमोर मृत्युपत्रही करतो. घरात विषप्रयोग चालू असल्याचे ओळखून, स्वतःच्या औषधातील त्याच विषाची मात्रा नातीला थोडीथोडी देऊन तिचे शरीर सरावून घेणारा तोच असतो. एमिल झोला यांच्या ‘तेरेझ राकँ’मधील (१८६७) वृद्धेचे दुर्दैव याहून भयंकर आहे: मुलाच्या मारेकऱ्यांची नावे ती बोटाने मेजावर लिहू लागते, पण वाक्य पुरे होण्याआधीच हात गळून पडतो आणि जमलेले पाहुणे ‘हे दोघे माझी काळजी घेतात’ असा अर्थ लावून मोकळे होतात. येथे साक्षीदार उणा पडत नाही, ऐकणारे उणे पडतात. या सर्व कथांतील थरार याच जागी आहे.

कल्पनेतील ही अवस्था वैद्यकशास्त्राला परिचित आहे. मेंदूच्या देठाला इजा होऊन जाणीव शाबूत राहते, पण डोळ्यांखेरीज जवळपास काहीच हलत नाही, अशा अवस्थेला ‘लॉक्ड-इन सिंड्रोम’ म्हणतात. पत्रकार जाँ-दोमिनिक बोबी यांनी त्या अवस्थेत डाव्या पापणीच्या उघडझापेने संपूर्ण पुस्तक सांगितले आणि ते १९९७मध्ये प्रसिद्ध झाले.

बोलू न शकणाऱ्याची साक्ष ग्राह्य धरावी का, हा प्रश्न भारतीय न्यायालयांनी फार पूर्वी हाताळला आहे. गळा चिरलेल्या एका तरुणीने प्रश्नांना हाताच्या खुणांनी दिलेली उत्तरे मृत्युपूर्व जबानी म्हणून ग्राह्य आहेत, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १८८५मध्ये ठरवले. पुढे पुरावा कायद्याच्या २०१३च्या दुरुस्तीने बोलू न शकणाऱ्या साक्षीदारासाठी दुभाषा किंवा विशेष शिक्षकाचे साहाय्य आणि जबाबाचे चित्रीकरण आवश्यक झाले, आणि १ जुलै २०२४पासून हीच तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२५मध्ये आहे. ती मुंबईइतकीच बुलढाणा, खामगाव आणि मेहकरच्या न्यायालयांनाही लागू आहे. म्हणून बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या घरात गुन्ह्याचे जबाब नोंदवायला गेलेल्या पोलीस अंमलदाराने, लकव्याने खाटेला खिळलेल्या माणसाला वगळून कुटुंबीयांवरच विसंबू नये, त्यालाही विचारावे.