माळ्याचा रोज आणि पाण्याचा हिशोब

धाराशिव शहराच्या कडेला नव्या प्लॉटवर घर उभं राहिलं, की दारात तुळस, कुंपणाला जास्वंद, गेटवर बोगनवेल आणि समोर थोडी हिरवळ असा बेत ठरतो. दोन पावसाळे गेले की तण माजतं, वेल गच्चीत शिरते आणि घरात विषय निघतो : माळी लावला तर महिन्याला किती जातील?

ते व्यवहार कसा ठरतो त्यावर आहे. कुणी रोजानं बोलावतं, कुणी महिन्यावर ठरवतं, कुणी गुत्त्यानं काम देतं. खड्डे घेणं, कुंपण छाटणं, वर्षाचं तण काढणं अशा एकदाच्या कामाला गुत्तं बरं. नेहमीच्या निगेला मात्र ते चालत नाही. काम उरकायची घाई असली की खुरप्याखाली मोगऱ्याची मुळंही जातात.

रोजाला एक तळरेषा आहे. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर विस्तारलेल्या रोजगार हमीच्या कामांमधून पुढे देशाचा कायदा झाला. त्या कायद्याखाली महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये मजुरी ठरली. आठवड्यातून दोनदा अर्धा दिवस माणूस आला, तर महिन्याचे चार पूर्ण दिवस भरतात, म्हणजे १,२४८ रुपये. हा अंगमेहनतीचा दर झाला. कलम बांधणारा, रोग ओळखणारा, स्वतःची कात्री घेऊन लांबून येणारा माणूस याच्या दुप्पट मागत असेल, तर ती मागणी वाजवी आहे. खुरपायला बाई आली म्हणून रोज कमी देण्याची रीत मात्र मोडायलाच हवी. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला.

पण या जिल्ह्यात बागेचा मोठा खर्च माळ्याचा नसतोच. तो पाण्याचा असतो.

हजार चौरस फूट हिरवळ म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. एप्रिल-मेच्या उन्हात तिथून रोज सहा मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर दिवसाला साडेपाचशे लिटरच्या वर पाणी लागतं. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी रोज ५५ लिटरचा हिशोब धरला आहे. म्हणजे दहा माणसांचं पाणी एक लॉन पितं. महिन्याला साडेसोळा हजार लिटर, पाच हजारांचे तीन टँकर घालूनही न भागणारं. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या आठवणी अजून ताज्या असलेल्या भागात ही हिरवळ परवडत नाही, पैशानंही आणि मनानंही.

जाणता माळी इथंच आपला रोज फेडतो. तो हिरवळीचा हट्ट सोडायला सांगतो, कण्हेर, बोगनवेल, कडुनिंब, शेवगा सुचवतो. झाडाभोवती आळं करून त्यात पालापाचोळ्याचं किंवा उसाच्या पाचटाचं आच्छादन घालतो, पाणी सकाळी किंवा सांजेला देतो. बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं, की पाणी पाझरत थेट मुळांशी जातं. कुंभार संत गोरोबाकाकांच्या तेरचा हा जिल्हा. मडकं इथं कुणाला शिकवावं लागत नाही.

मातीचंही तसंच. बऱ्याच प्लॉटवर वरची काळी माती बांधकामात निघून जाते आणि खाली मुरूम उरतो. तिथं दोन-तीन फुटांचा खड्डा घेऊन पोयटा आणि शेणखत भरल्याशिवाय झाड धरत नाही. बोअरचं पाणी जड असलं तर कुंडीवर पांढरा थर चढतो, जास्वंदीची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. न जाणणारा अशा वेळी युरियाची मूठ टाकतो. जाणता माणूस चुनखडीमुळे झाडाला लोह मिळत नाही हे ओळखतो. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूम भागात अतिवृष्टीनं हाहाकार केला, तसा पाऊस झाला तर साचलेलं पाणी काढून देणं आणि कुंड्यांची तळची भोकं मोकळी ठेवणं हेच पहिलं काम.

आणखी एक गोष्ट दर ठरवताना विसरली जाते. इथला माळी बहुधा शेतीतही राबतो. जूनमध्ये पेरणी आणि दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनची काढणी आली, की शिवारात मजुरी चढते आणि माणूस मिळत नाही. त्या दिवसांत शहरातल्या घरानं जुन्याच दरावर अडून बसणं बरोबर नाही. खड्डे आणि छाटणी पेरणीआधी उरकावी. काढणीच्या काळात फेऱ्या कमी कराव्यात, पण महिन्याचा पगार कापू नये. खत कुणी आणायचं, छाटलेल्या फांद्या कुणी टाकायच्या, किती फेऱ्या मारायच्या, हे पहिल्याच दिवशी ओट्यावर बसून, चहा घेता घेता बोलून ठेवावं.