धान घरात येताना आठवायचे वाळवंट

साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावांत दिवाळीच्या सुमारास हलके धान कापणीला येते. बांध्यांतले पाणी उतरते, भारे बांधले जातात. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या खपून बांधलेल्या मालगुजारी तलावांचा हा भंडारा जिल्हा. इथल्या ख्रिस्ती माणसाने इस्राएलच्या वाळवंटाचे काय करायचे?

पण ते वाळवंट आठवण्याची आज्ञाच मुळात सुगीची आहे. पीक गोळा झाले की सात दिवस मांडवात राहा, असे लेवीयाच्या 23व्या अध्यायात सांगितले आहे. मिसर देशातून सुटल्यावर आपले पूर्वज मांडवात राहत होते, हे पुढच्या पिढ्यांना कळावे म्हणून. हा सण सप्टेंबर-ऑक्टोबरात, आपल्या दिवाळीच्या थोडा आधी येतो. मुंबई आणि कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल आजही तो पाळतात.

त्या प्रवासात इस्राएलाला रोज काय मिळाले? मन्ना. दिसायला धण्याच्या दाण्यासारखा, पांढरा. चव मध घातलेल्या पोळीसारखी. माणशी एक ओमर, म्हणजे अदमासे दोन लिटर, एवढाच गोळा करायचा. दुसऱ्या दिवसासाठी कुणी लपवून ठेवला तर त्यात किडे पडत, घाण सुटे. शब्बाथासाठी मात्र आदल्या दिवशी दुप्पट वेचायची मुभा होती आणि तो नासत नसे. ज्यांनी मिसरात फराओसाठी कोठारांची नगरे बांधली, त्यांना देवाने कोठाराशिवाय जगायला शिकवले. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोजचीच भाकर मागतो, तिची शाळा इथे आहे.

तरी कुरकुर थांबली नाही. गणनाच्या 11व्या अध्यायात लोक मिसरातले मासे, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण आठवून रडतात. कांदा आठवला, मुकादमाचा चाबूक विसरले. होरेबपासून कादेश-बर्न्या अकरा दिवसांची वाट. तिथून बारा हेर कनानात गेले, त्यांतल्या दहांनी धीर सोडला, यहोशवा आणि कालेब यांचे कुणी ऐकले नाही, आणि दाराशी आलेल्या लोकांची आणखी अडतीस वर्षे रानात गेली. आपल्याकडे तांबड्या समुद्रावर प्रवचने पुष्कळ होतात, कादेशवर फार थोडी. मला कादेश जास्त महत्त्वाचे वाटते. समुद्र देवाने दुभंगला; कादेशला पाऊल लोकांनी टाकायचे होते. पौलाने करिंथकरांना हीच उदाहरणे देऊन सावध केले ते उगाच नव्हे.

अनुवादाचा 8वा अध्याय सांगतो की खरा धोका पोट भरल्यावर, घरे बांधून झाल्यावर सुरू होतो. येशूने रानात चाळीस दिवस उपाशी राहून भाकरीच्या मोहाला उत्तर दिले, तेही याच अध्यायातून.

ही आठवण जगलेली मराठी ख्रिस्ती व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. आईवडिलांबरोबर त्यांचे बालपण तीर्थयात्रेत, पायी भटकण्यात गेले. 1870च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि बहीण गेली. भावासह चालत चालत त्या 1878मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. 1883मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, 1889मध्ये मुंबईत शारदासदन निघाले. मग 1896-97चा दुष्काळ आला. मध्य प्रांत उपाशी होता, आणि भंडारा तेव्हा त्याच प्रांतात होता. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनचा पाया त्यातून घातला गेला. स्वतःची भूक त्या विसरल्या नव्हत्या, म्हणून दुसऱ्याची भूक त्यांना दिसली. पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी बायबल मराठीत आणले. 1922मध्ये त्या वारल्या आणि दोन वर्षांनी ते संपूर्ण छापून निघाले.

अनुवादाच्या 24व्या अध्यायात आणखी एक नियम आहे. शेतात एखादी पेंढी विसरली तर परत आणायला जाऊ नका. ती परक्याची, अनाथाची, विधवेची. कारणही तिथेच दिले आहे: तुम्ही मिसरात दास होता. तेव्हा यंदा मंडळीत उपकारस्तुतीला धान आणाल, तेव्हा कापणीला राबलेल्या पण स्वतःची बांधी नसलेल्या घरांची यादी आधी करा, आणि पहिली पायली तिकडे पोहोचवा.