साडेपाच तासांचा पुरावा

पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत दिव्यांच्या माळा, स्पीकर, कॅमेरे आणि वायरींची भेंडोळी यांच्या गर्दीतून अंग चोरून जाणाऱ्या माणसाला आश्चर्य वाटावे असे फारसे काही उरलेले नसते. परंतु एका जिन्याच्या तोंडाशी असलेल्या दुरुस्तीच्या दुकानात, भिंतीतली पिन काढून घेतलेल्या संगणकाचे बटण अंगठ्याने दाबून धरून ओठांतल्या ओठांत आकडे मोजीत बसलेला एक पन्नाशी उलटलेला गृहस्थ मी पाहिला, तेव्हा मात्र पाय थबकले. ज्या यंत्रात वीजच जात नाही त्याचे बटण दाबून काय साधणार? हे विचारण्याचे निमित्त करून मी पुढे त्या दुकानात जाऊ लागलो, आणि काकांनीही (गल्लीत त्यांना सारे काकाच म्हणतात) टेबलाच्या कडेला एक स्टूल सरकवून माझी सोय लावली.

काकांची उमेदवारी रेडिओ-दुरुस्तीत गेली आणि राळेच्या धुराचा तो उग्र, किंचित गोडसर वास त्यांच्या दुकानात अजून मुक्कामाला आहे, जरी डाग देण्याचा प्रसंग आता क्वचितच येतो. "नेट जातं म्हणून येणाऱ्या दहातल्या सात मशीन बिघडलेल्या नसतातच," असे ते पहिल्याच दिवशी म्हणाले. हा आकडा त्यांनी कोणत्या दप्तरातून काढला हे मला समजले नाही. दुकानात तसली नोंदवही नव्हती, आणि दुकानदाराच्या तोंडचा गोळाबेरीज आकडा जपूनच घ्यावा असा माझा रिवाज आहे.

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एक गृहस्थ आणि त्यांचा अभियांत्रिकीला असलेला मुलगा स्कूटरच्या पायाशी जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला 'सीपीयू' घेऊन आले. एकाच यंत्रात दोन कारभार होते: वडिलांच्या दुकानाच्या हिशेबासाठी विंडोज, आणि मुलाच्या अभ्यासासाठी उबुंटू. फिर्याद अशी की विंडोजमध्ये इंटरनेट व्यवस्थित चालते, उबुंटूत मात्र वायर जोडलेली असूनही काही केल्या येत नाही. आणि दुसऱ्या एका दुकानाने "लॅन कार्ड उडालं, मदरबोर्डच बदला" असा निकाल देऊनही टाकला होता. जे कार्ड निम्मा दिवस चोख काम करते ते उडालेले कसे, हा प्रश्न त्या निकाल देणाऱ्याला पडला नसावा, किंवा पडूनही परवडला नसावा.

काकांनी लॅनची वायर बाजूलाच ठेवून प्रथम नुसते उबुंटू सुरू केले आणि पडद्यावर दुसरे काहीही न पाहता घड्याळ पाहिले. भिंतीवर अकरा वाजले होते. यंत्रात दुपारचे साडेचार. "साडेपाच तास," ते म्हणाले. "शेवटी विंडोजमध्ये होतास ना रे?" मुलगा चकित झाला, पण यात ज्योतिष काही नव्हते. यंत्राच्या पोटात गोल सपाट बॅटरीवर चालणारे एकच घड्याळ असते. विंडोज त्यात आपली स्थानिक वेळ लिहून ठेवते; उबुंटू तीच वेळ जागतिक प्रमाणवेळ समजून वाचते आणि वर भारताचे साडेपाच तास मिळवते. इंटरनेट असले तर ही चूक आपोआप दुरुस्त होते. नसले तर ती तशीच राहते आणि शेवटचा मुक्काम कोणाचा होता याची साक्ष देते.

मग त्यांनी वायर खोचली, आणि खोबणीशेजारचे दोन दिवे, एक हिरवा, एक पिवळा, तत्काळ लुकलुकू लागले. इंटरनेट सुरू! वडिलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अहो, घरी रात्रभर डोकं फोडलं, इथे कसं चाललं?" एखादा दुकानदार या क्षणी गूढ हसून पैसे घेता. काकांनी उलट यंत्र पुन्हा बिघडवायला घेतले: विंडोज सुरू केले, इंटरनेट येत असल्याची खातरजमा केली, नेहमीप्रमाणे 'शट डाउन' केले, आणि मग पुन्हा उबुंटू. या खेपेस दोन्ही दिवे विझलेलेच राहिले. यंत्रातील उपकरणांच्या यादीत कार्ड हजर होते, त्याचा ड्रायव्हरही जागेवर होता. पण दुवा जुळतच नव्हता. ही हजर असूनही कामावर नसण्याची अवस्था डोळ्यांनी पाहिल्यावर काकांच्या त्या दहातल्या सातांविषयी माझी साशंकता बरीच निवळली.

2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून यंत्र लवकर सुरू व्हावे म्हणून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय दिलेली असते. तीत 'शट डाउन' म्हटले तरी विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर खरोखर मिटत नाहीत; त्यांची तत्कालीन स्थिती तबकडीवर जशीच्या तशी लिहून ठेवली जाते, आणि नेटवर्क कार्ड अल्पवीज अवस्थेत निजवले जाते. रजेवर जाणाऱ्या कारकुनाने चार्ज न देता, कपाटाची किल्ली खिशात घालून गावी निघून जावे, तसेच हे. मागाहून येणाऱ्या उबुंटूच्या ड्रायव्हरला ते निजलेले कार्ड कित्येकदा उठवता येत नाही. मौज अशी की 'रीस्टार्ट' केल्यास मात्र विंडोज पूर्णपणे मिटते, म्हणजे निरोप घेण्यापेक्षा परत येण्याची आज्ञाच अधिक प्रामाणिकपणे पाळली जाते. शिवाय यंत्र बंद दिसत असले तरी पिन भिंतीत असेतोवर 5 व्होल्टांचा एक बारीक पुरवठा आत चालूच असतो, आणि त्याच्या आधारावर कार्ड आपली झोप राखून असते. स्कूटरवरच्या प्रवासात हा पुरवठा तुटला, म्हणूनच दुकानात येताच ते शहाण्यासारखे वागले.

काकांनी यंत्र बंद करून पिन काढली. पेटीचे झाकण उघडेच असल्याने मदरबोर्डावरचा एक लहानसा दिवा मला दिसत होता. वीज तोडली तरी तो विझेना. त्यांनी बटण दाबून धरले, तेव्हा पंख्याने अर्धवट हेलकावा घेतला, जणू निघता निघता काही आठवले, आणि दिवा मंदावत जाऊन गेला. "तीस मोजायचे," काका म्हणाले. "वीस पुरतात, पण तीस मोजायचे." पिन पुन्हा लावून उबुंटू चालू करताच ते दोन दिवे परत लुकलुकू लागले.

कायमचा बंदोबस्त मात्र विंडोजच्या आत जाऊनच करावा लागतो: पॉवर ऑप्शन्समधली 'फास्ट स्टार्टअप'ची खूण काढणे, किंवा काका करतात तसे, काळ्या खिडकीत एका ओळीचा हुकूम देऊन हायबरनेशनच बंद करणे. त्यात आणखी एक लाभ असा की विंडोजचा विभाग अर्धवट मिटलेला राहत नाही, आणि उबुंटूला त्यात नुसते वाचण्याऐवजी लिहिताही येते. "मोठा अपडेट आला की ही खूण कधीकधी परत लागते, तेवढं बघत जा," असे त्यांनी मुलाला बजावले. दहातल्या उरलेल्या तिघांत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, वीज कोसळून खरोखरच जळालेली कार्डे आणि नवा कर्नल घेतल्यावर हरवलेले ड्रायव्हर येतात; त्यांत रस घेण्यासारखे विशेष काही नसते.

हिशेबाची वेळ आली. काकांच्या बिलबुकात 'माल' या रकान्याला भरपूर जागा आहे आणि 'मजुरी'साठी शेवटी एक चिंचोळी पट्टी. त्यांनी माल कोरा ठेवून मजुरी तीनशे लिहिली. "नुसती पिन काढून घातली, त्याचे तीनशे?" वडील म्हणाले. मदरबोर्डाचे काही हजार मोजण्याच्या तयारीने घरून निघालेला हा सद्गृहस्थ दीडशेवर अडून बसला, आणि काकांनी, मला चीड येण्याइतक्या सहजपणे, दीडशे घेतले. मुलगा चादर गुंडाळीत खाली मान घालून उभा होता. निघताना वडिलांची नजर खुंटीवरच्या निळ्या लॅन वायरीकडे गेली. घरची वायर धडधाकट आहे, नवीचे कारण नाही, असे काकांनी सांगून पाहिले. पण "असू द्या, एक नवी द्याच" म्हणून त्यांनी ती पाच मीटरची वायर घेतली आणि तिच्या किमतीत एक रुपयाचीही घासाघीस केली नाही.