फलकावरील ढोल आणि सेवेचे चक्र

आषाढाचे मेघ दाटू लागले, की पुण्याच्या चौकाचौकांत ढोल-ताशा पथकांचे फलक झळकू लागतात. 'नवीन वादकांची नोंदणी सुरू' एवढाच त्यांचा आशय. पण तो वाचण्यापूर्वीच तरुणांचे पाऊल थबकते. ही किमया शब्दांची नव्हे, चित्राची आहे. लोकमान्यांनी १८९३ साली गणेशोत्सवाच्या सार्वजनिक स्वरूपाचा पुरस्कार केला, तो समाज एकत्र यावा म्हणून. आज नव्या पिढीला उत्सवाच्या अंगणात आणण्याचे काम असे फलकही करीत आहेत. तेव्हा त्यांची भाषा आपण ओळखली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

असा फलक निरखून पाहावा. वादकाचे छायाचित्र पुष्कळदा खालच्या बाजूने टिपलेले असते. त्यामुळे विशीतला साधा मुलगाही आभाळाला टेकलेला भासतो. टिपरू उगारलेले असते, पण ढोलावर पडलेले नसते. तो घाव पाहणाऱ्याने मनातच पुरा करावयाचा, आणि तेथेच तो पथकात अर्धा सामील होतो. भगवा ध्वज तिरपा फडकतो, कारण तिरकी रेषा गती सुचविते. शुभ्र सदरे आणि एकसारखे फेटे यांची रांग 'तू एकटा नाहीस' असे न बोलता सांगते.

यात गैर काही नाही. रूपाने मनाला साद घालणे ही आपल्या धर्माची जुनीच रीत. गजाननाचे कान पुष्कळ ऐकावे म्हणून मोठे, डोळे सूक्ष्म पाहावे म्हणून बारीक, असे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. मात्र मूर्ती जे दाखविते ते आचरणात आणावयास शिकविते; फलक मिरवणुकीचा एक क्षण दाखवितो आणि त्यामागचे श्रम झाकतो. कित्येक आठवड्यांचा सराव, कमरेला बांधलेल्या ढोलाचे ओझे, तळहातावरचे फोड, कानांवरचा ताण, यांतले काहीच चित्रात येत नाही. मग चित्र पाहून आलेला तरुण स्वतःच्या छबीसाठी राहतो की गणरायासाठी, हा खरा प्रश्न.

याच्या जोडीला राष्ट्रीय सेवा योजनेचे बोधचिन्ह ठेवून पाहावे. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त २४ सप्टेंबर १९६९ रोजी ही योजना सुरू झाली. तिचे चिन्ह कोणार्कच्या सूर्यमंदिरातील रथचक्रावरून घेतलेले आहे. त्यातील आठ आरे दिवसाचे चोवीस तास, म्हणजे आपले अष्टौप्रहर, दर्शवितात. तांबडा रंग तारुण्याचा उत्साह, तर गडद निळा विश्वाची विशालता सुचवितो. येथे कोणाचाही चेहरा नाही. गौरव आहे तो अखंड फिरण्याचा. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा द्यावी, अशी अपेक्षा असते. विसर्जनाच्या वेळी घाटांवर निर्माल्य गोळा करणाऱ्यांत हे चक्र छातीवर मिरविणारी मुलेमुलीही दिसतात.

आपल्या घरातील मुलगा वा मुलगी नोंदणीस निघाली, तर तिला अडवू नये. तिच्यासह तो फलक पाहावा. त्यात काय दिसते आणि काय दिसत नाही, हे प्रेमाने विचारावे. पथकांच्या धुरीणांनीही एखाद्या फलकावर निर्माल्य वेचणारे हात रंगवावेत. गजानन ही बुद्धीची देवता. डोळ्यांना भावलेले बुद्धीने पारखण्याची शक्ती तो आमच्या तरुणांना देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.