शिंगातले शेण आणि मातीचे आरोग्य

कपाशीवर फवारणीचे दिवस आले, की माझ्या दवाखान्यात ठरावीक लक्षणांचे रुग्ण दिसू लागतात. तोंडातून लाळ, अंगभर घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ही कीटकनाशकाची विषबाधा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात तिने अनेक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण घेतले. म्हणूनच विषारी फवारणीवाचून शेती करण्याचा प्रत्येक मार्ग वैद्यानेही आस्थेने समजून घ्यावा. बायोडायनॅमिक शेती हा त्यांपैकी एक.

१९२४ साली रुडॉल्फ स्टायनर यांनी आज पोलंडमध्ये असलेल्या कोबरविट्झ येथे आठ व्याख्यानांतून ही पद्धत मांडली. न्यूझीलंडचे पीटर प्रॉक्टर यांनी १९९० च्या दशकात ती भारतीय शेतकऱ्यांना शिकवली. गाईच्या शिंगात दुभत्या गाईचे शेण भरून ते शरद ऋतूत पुरतात आणि वसंतात काढतात. हे ‘५००’ क्रमांकाचे खत. त्याचे सुमारे २५ ग्रॅम पाण्यात तासभर, आलटूनपालटून दोन्ही दिशांनी घुसळून एकरभर शिंपडतात. ‘५०१’ मध्ये शेणाऐवजी गारगोटीची पूड असते. ‘५०२’ ते ‘५०७’ या क्रमांकांची, कॅमोमाइल, ओकची साल यांसारख्या वनस्पतींपासूनची विरजणे कंपोस्टच्या ढिगात घालतात.

ग्रहताऱ्यांच्या प्रभावाचा यामागील सिद्धान्त विज्ञानाने सिद्ध झालेला नाही, हे शेतकऱ्याला स्पष्ट सांगावे. मात्र स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून चाललेल्या प्रयोगाच्या पहिल्या २१ वर्षांत सेंद्रिय व बायोडायनॅमिक वाफ्यांतील उत्पन्न सुमारे २० टक्के कमी आले, तरी मातीतील जीवसृष्टी अधिक समृद्ध आढळली. माझ्या मते, यात मोठा वाटा चांगल्या कंपोस्टचा आणि पीक फेरपालटीचा आहे.

वैद्य म्हणून तीन सूचना. गारगोटी कोरडी कुटू नये. तिची सूक्ष्म धूळ फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ती पाण्यात ओली ठेवूनच वाटावी. शेणमातीत काम करणाऱ्यांनी धनुर्वाताची लस वेळेवर घ्यावी, जखमा झाकाव्यात व हात साबणाने धुवावेत. कच्चे शेण पालेभाजीवर टाकू नये.

संपूर्ण शेत एकदम बदलू नका. अर्ध्या एकरावर आरंभ करा. उत्पन्नाचा हिशेब लिहा, त्याच वहीत औषधफवारणीचे टळलेले दिवसही नोंदवा. आरोग्याचा लाभ तिथेच दिसेल.