पितळेपासून काळ्या सोन्यापर्यंत
भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची ख्याती जुनी. घासून लखलखीत केलेले पितळ दिसणारा प्रकाश परतवतेच. पण अवरक्त प्रकाश, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे प्रारण, त्याहूनही चोख परतवते. हे काम धातूतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांचे. सोन्याचेही तसेच. मात्र त्याच सोन्याचे काही नॅनोमीटरचे कण केले (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग!) की ते इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकत्र डोलतात आणि ठरावीक लांबीच्या लहरी गिळू लागतात. कणांमधले अंतर बदला, गिळायच्या लहरीही बदलतात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विवेक पोलशेट्टीवार यांच्या गटाने 2019 मध्ये याच युक्तीने ‘काळे सोने’ घडवले. सिलिकाच्या तंतुमय गोळ्यांवर सोन्याचे कण कमीजास्त अंतरांवर बसवले. प्रत्येक फट वेगळ्या लहरी पकडते. सगळा दृश्य आणि निकट-अवरक्त प्रकाश शोषला गेल्याने सोने चक्क काळे दिसते. शोषलेल्या प्रकाशाच्या उष्णतेवर समुद्राच्या पाण्याची वाफ करून गोडे पाणी मिळवता येते. माझ्या मते खरी करामत मात्र रचनेची आहे, सोन्याची नव्हे.

अवरक्ताच्या पलीकडे, सूक्ष्मलहरींच्या अलीकडे टेराहर्ट्झ लहरी येतात. त्या कागद-कापडातून सहज जातात, पाण्याला मात्र अडतात. म्हणून धानाच्या पानातला ओलावा पान न तोडता मोजायला त्या उपयोगी. त्यांना आवर घालायला ग्राफीन वापरतात: विद्युतदाब बदलला की हा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा त्यांना कमी किंवा जास्त अडवतो.