गजकर्णाविषयीचे काही गैरसमज

अंगावर गजकर्ण उमटले की आपल्याकडे पहिला दोष रक्ताच्या माथी मारला जातो आणि कडुनिंबाच्या काढ्यापासून जुलाबापर्यंत रक्तशुद्धीचे सारे घरगुती इलाज सुरू होतात. वस्तुतः त्वचा, केस व नखे यांतील केराटिन नामक द्रव्यावर उपजीविका करणाऱ्या सूक्ष्म बुरशीचा तो प्रताप असून, डोक्याच्या अशाच एका विकाराचे मूळ बुरशीत आहे हे डेव्हिड ग्रुबी यांनी पॅरिसमध्ये १८४१ साली दाखवून दिले, त्याला पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली.

अस्वच्छतेचा आरोपही असाच अन्यायाचा. नित्य दोनदा स्नान करणारा सद्गृहस्थदेखील पावसाळ्यात न वाळलेले कपडे अंगावर चढवील, किंवा घरातील रोग्याचा पंचा वापरील, तर त्याची यातून सुटका होईलच असे नाही.

परंतु खरा घात होतो तो दुकानातून परस्पर आणलेल्या मलमाने. त्यात स्टेरॉइड असल्यास खाज व लाली दोन दिवसांत शमते, रोगी संतुष्ट होतो, आणि त्वचेची प्रतिकारशक्ती दुबळी झाल्याने बुरशी मात्र निर्वेधपणे पसरत जाते. पुढे चट्ट्याचे रूप इतके पालटते की वैद्यांनाही ओळख पटू नये, म्हणूनच १९६८ साली या अवस्थेला ‘टिनिया इनकॉग्निटो’, म्हणजे वेषांतर केलेला नायटा, असे मोठे समर्पक नाव मिळाले. वर्तुळाचा मध्य निवळला म्हणजे रोग हटला, हाही भ्रमच. बुरशी त्या वेळी कडेच्या ताज्या त्वचेत सरकलेली असते, आणि औषध मुदतीपूर्वी थांबवणाऱ्याकडे ती बहुधा परतून येते.